आईच्या स्वादुपिंडात गाठ: ऑपरेशनआधी दुर्बीण कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांच्या, कुडाळजवळच्या गावी राहतात. मुलगा मुंबईत नोकरीला. पित्ताचा त्रास म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले नाहीत, पण स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात पाण्याची गाठ दिसली. कोल्हापुरात सिटी स्कॅन झाला: गाठ २.८ सेंटीमीटर, स्वादुपिंडाची मुख्य नळी ६ मिलिमीटर, आणि गाठीच्या आत लहानसा सॉलिड भाग असल्याची शंका. मुंबईतले एक सर्जन म्हणाले, ही कॅन्सरच्या आधीची गाठ आहे, व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचं डोकं काढण्याचं मोठं ऑपरेशन) करून मोकळे होऊ. दुसरे म्हणाले, आधी ईयूएस (दुर्बिणीतून आतून होणारी सोनोग्राफी) करा, मग ठरवू. मुलाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. साधी एंडोस्कोपी झाली आणि नॉर्मल आली, मग पुन्हा दुर्बीण कशाला? सुई टोचल्यावर ते पसरणार नाही का? आणि पुढे कॅन्सर होणारच असेल तर वेळ का घालवायचा? आईंचं म्हणणं वेगळंच आहे: "माका काय्येक त्रास नाय, मग पोट कित्याक फाडूचा?"

आईंचा प्रश्न सगळ्यांत नेमका आहे. आज त्रास नाही हे खरंच, आणि ऑपरेशनचं कारण असलंच तर ते आजच्या त्रासात नाही, पुढच्या काही वर्षांत काय होऊ शकतं यात आहे. धडधाकट चालत्या-फिरत्या माणसाला एवढं मोठं ऑपरेशन सांगायचं तर सांगणाऱ्याकडे पक्कं कारण हवं. मी स्वतः दुर्बिणीचं काम करते, कापण्याचं नाही. माझा कल कुठे असेल ते ध्यानात ठेवूनच पुढे वाचा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला दुसऱ्या सर्जनचं म्हणणं पटतं. पहिले चुकले असं मात्र नाही. ईयूएसनंतर कदाचित सगळ्यांचं मत ऑपरेशनचंच होईल, पण तेव्हा आईंना सांगण्यासारखं कारण तुमच्याकडे असेल.

आता साधी एंडोस्कोपी आणि ईयूएस यांतला फरक. साध्या एंडोस्कोपीत पुढे कॅमेरा असतो आणि तो अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांचं आतलं अस्तर दाखवतो. स्वादुपिंड या सगळ्याच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं असतं. कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे त्या तपासणीचा 'नॉर्मल' रिपोर्ट या गाठीबद्दल काहीच सांगत नाही. ईयूएस म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. यात दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. पोटावरून सोनोग्राफी करताना मध्ये चरबी येते, आतड्यातला गॅस येतो. ईयूएसचा प्रोब जठराच्या मागच्या भिंतीला टेकवला की स्वादुपिंड काही मिलिमीटरवर असतं. मधला भाग आणि शेपूट जठरातून दिसते. डोकं पाहायला दुर्बीण ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात न्यावी लागते, कारण ते वळण डोक्याला कवेत घेऊनच जातं. सिटीत जिथे 'शंका' लिहून येते, तिथे ईयूएसमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटाही मोजता येतो.

पण ईयूएसकडून काय मागायचं हे आधी स्पष्ट हवं. 'कॅन्सर आहे की नाही' असं विचाराल तर बऱ्याचदा धड उत्तर मिळणार नाही. विचारायचं ते असं: गाठ कुठल्या जातीची आहे, आतला सॉलिड भाग खरा आहे का, आणि कापायचंच झालं तर कुठून कुठपर्यंत. यांपैकी एकाही उत्तराने निर्णय हलणार नसेल, तर दुर्बीण घालू नये. समजा, गाठीमुळे कावीळ झालेली आहे, नळी १२ मिलिमीटर फुगली आहे, सिटीत स्पष्ट सॉलिड भाग कॉन्ट्रास्टचा रंग घेतोय आणि रुग्ण ऑपरेशनला फिट आहे. अशा वेळी 'खात्रीसाठी' सुई टोचून आठवडे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. तसंच ८४ वर्षांच्या, हृदय अशक्त असलेल्या आजींना कोणीच ऑपरेशन देणार नसेल, तर गाठीची जात कळून उपयोग काय?

जातीचा मुद्दा मोठा आहे, कारण स्वादुपिंडातल्या पाण्याच्या गाठी दिसायला सारख्या आणि स्वभावाने फार वेगळ्या असतात. स्वादुपिंडाला जोरात सूज येऊन गेल्यावर पाणी साचून जी गाठ बनते ती स्यूडोसिस्ट. तिच्यात कॅन्सरचा संबंध नाही. सीरस सिस्टॅडेनोमा ही बारीक बारीक कप्प्यांची गाठ. मध्ये कधी चुन्यासारखा पांढरा ठिपका असतो. ही जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते, आणि त्रास नसेल तर कोणी हातही लावू नये अशी. म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम बहुतेक वेळा मध्यम वयाच्या बायकांत, स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटीत होते, आणि तिचा नळीशी संबंध नसतो. तरुण मुलींत होणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ वेगळी. आणि मग ती, जिच्याबद्दल तुमचे सर्जन बोलत असावेत: आयपीएमएन. यात स्वादुपिंडाच्या नळीच्या अस्तरावर बारीक कोंबांसारखी वाढ होते, ती म्यूसिन नावाचा चिकट स्राव बनवते, म्यूसिनने नळी फुगते. जपानमध्ये १९८२ साली या रोगाचं वर्णन पहिल्यांदा झालं. तेव्हा डॉक्टरांच्या नजरेत भरलं ते आतड्यात उघडणारं नळीचं तोंड: सुजलेलं, उघडं आणि त्यातून म्यूसिन ओघळणारं. आजही त्याला माशाचं तोंड असंच म्हणतात. ते दिसलं की निदान तिथेच होतं, पण सरळ पाहणाऱ्या साध्या दुर्बिणीत ते तोंड कडेला राहतं आणि सहज नजरेतून सुटतं.

आयपीएमएन मुख्य नळीत आहे की तिच्या फांद्यांत, यावर पुढचं बरंच ठरतं. मुख्य नळीच्या प्रकारात ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी साधारण ६० टक्के जणांत काढलेल्या भागात हाय-ग्रेड बदल (पेशी कॅन्सरच्या उंबरठ्यावर) किंवा कॅन्सर सापडला. फांद्यांच्या प्रकारात साधारण पाव रुग्णांत. हे आकडे वाचून घाबरायच्या आधी एक लक्षात घ्या: हे फक्त ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांचे आहेत. ज्यांच्या गाठी साध्या दिसल्या, ज्यांना नुसतं पाहत राहायला सांगितलं, ते यात नाहीतच. म्हणून फांदीतल्या प्रत्येक गाठीला 'पाव शक्यता' लावणं चूक आहे. साठीनंतर एमआरआय केला की अशा लहान गाठी कितीतरी जणांत योगायोगाने दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्या गाठीचा आयुष्यात काही उपद्रव होत नाही. 'कॅन्सर होणारच असेल तर' या तुमच्या वाक्यातला 'च' म्हणूनच काढून टाका.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो, ज्याचा उल्लेख परदेशी लेखांत फारसा सापडत नाही. नळी फुगलेली दिसली म्हणजे आयपीएमएन, असं नसतं. भारतात स्वादुपिंडाची जुनाट सूज, क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, बरीच दिसते. दारूमुळे तर होतेच, पण दारूला कधीही न शिवलेल्या माणसांतही होते, केरळात तर त्यासाठी हा आजार प्रसिद्धच आहे. त्यात नळीत खडे होतात, खड्यामागे नळी फुगते, शेजारी पाण्याच्या गाठी होतात. सिटीच्या रिपोर्टवर दोन्ही आजार एकमेकांसारखे वाचले जाऊ शकतात. ईयूएसमध्ये खडे चमकतात आणि मागे सावली टाकतात. स्वादुपिंडाचा मांसल भाग खरबरीत, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. आयपीएमएनमध्ये नळीत म्यूसिन भरलेलं असतं आणि सावली पडत नाही. क्षयाच्या गाठीही आपल्याकडे क्वचित स्वादुपिंडाशेजारी पाण्याच्या गाठीचं सोंग घेतात. तेव्हा आईंना पूर्वी कधी पोटात जोरात दुखून, पाठीपर्यंत कळा जाऊन दवाखान्यात दाखल करावं लागलं होतं का, हे आठवून सांगा. 'पित्त झालं होतं' म्हणून विसरलेला एखादा जुना प्रसंगच कधीकधी सगळं कोडं सोडवतो.

आता आईंचे आकडे. आयपीएमएनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २००६, २०१२, २०१७ आणि अलीकडे २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शेवटच्या म्हणजे क्योटोच्या. त्यांत दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी सरळ ऑपरेशनकडे नेणारी: डोक्यातल्या गाठीमुळे कावीळ, रंग घेणारा ५ मिलिमीटर किंवा मोठा सॉलिड उंचवटा, मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा जास्त, आणि पेशींच्या तपासणीत कॅन्सर किंवा त्याची दाट शंका. खालची पायरी काळजीची, आणि खोलात जाऊन तपासायला सांगणारी: गाठ ३ सेंटीमीटर किंवा मोठी, ५ मिलिमीटरपेक्षा लहान उंचवटा, नळी ५ ते ९ मिलिमीटर, जाड झालेली भिंत, नळीची रुंदी अचानक बदलून पलीकडचा भाग सुकलेला, रक्तात सीए १९-९ (कॅन्सरची एक खूण) वाढलेलं, गाठ भराभर वाढणारी, गाठीमुळे स्वादुपिंडाला सूज, आणि वर्षभरात नव्याने लागलेला किंवा अचानक बिघडलेला मधुमेह. अशा जितक्या गोष्टी एकत्र, तितका धोका जास्त.

आईंची गाठ २.८, म्हणजे रेषेच्या जरा अलीकडे. नळी ६, म्हणजे मधल्या पट्ट्यात. उरला तो 'सॉलिड भागाची शंका' हा शब्दप्रयोग. तो खरा आणि ५ मिलिमीटरच्या वरचा निघाला तर आई वरच्या पायरीवर जातात आणि पहिल्या सर्जनचं म्हणणं खरं ठरतं. खोटा निघाला तर ऑपरेशनची घाई उरत नाही. अख्खा निर्णय त्या चिमुकल्या गोष्टीवर टांगलेला आहे, म्हणून ती ईयूएसमध्ये कशी दिसते ते जरा सविस्तर सांगते.

पडद्यावर गाठ काळी दिसते, कारण पाण्यातून आवाजाच्या लहरी अडथळ्याविना जातात. तिच्या भिंतीला चिकटून एक करडा ठिपका. हा म्यूसिनचा गोळा असू शकतो किंवा खरी वाढ. म्यूसिनच्या गोळ्याची कड गुळगुळीत आणि कडेला चमकती रेघ, आतला भाग मात्र काळपट. खऱ्या वाढीची कड खडबडीत, चमकती रेघ नाही, आणि ती भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसते. मग मी रुग्णाला कुशीवरून थोडं हलवायला सांगते, नाहीतर दुर्बिणीच्या टोकाने गाठीला हळूच दाबते. म्यूसिन असेल तर ते सरकतं, लोळतं; वाढ जागची हलत नाही. तरीही शंका उरली तर हातातल्या शिरेतून कॉन्ट्रास्ट देतात. हा सिटीतला आयोडीनचा कॉन्ट्रास्ट नाही. यात अतिसूक्ष्म वायूचे बुडबुडे असतात आणि ते रक्ताबरोबर फिरतात. काही सेकंदांत स्वादुपिंड उजळतं. ठिपका त्याच्याबरोबर उजळला, तर त्यात रक्तवाहिन्या आहेत, म्हणजे तो जिवंत ऊतक आहे. अंधारात राहिला, तर म्यूसिन. सिटीतल्या 'सॉलिड भागां'पैकी बरेच या कसोटीवर म्यूसिन निघतात. एवढ्या एका गोष्टीसाठीही ईयूएस करणं मला रास्त वाटतं.

गाठ पाहून झाली की बाकीचं स्वादुपिंडही पूर्ण पाहायचं असतं. हे मुद्दाम लिहिते, कारण ते राहून जातं. आयपीएमएन असलेल्या माणसाच्या स्वादुपिंडात त्या गाठीपासून दूर, दुसऱ्याच जागी, साधा पॅन्क्रियाटिक कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. सगळं लक्ष गाठीवर आणि शेपटीतला एक सेंटीमीटरचा काळपट डाग निसटला, असं होऊ द्यायचं नाही. रिपोर्ट आला की त्यात डोकं, मधला भाग, शेपूट आणि नळीची तिन्ही ठिकाणची रुंदी वेगवेगळी लिहिली आहे का ते बघा. नुसतं 'सिस्ट २८ मिमी' लिहिलेला रिपोर्ट अर्धा आहे.

सुईचं म्हणाल तर ती प्रत्येकाला लागतेच असं नाही. नुसत्या चित्रावरून जात पक्की झाली तर मी सुई टोचत नाही. शंका असेल तर दुर्बिणीतूनच बारीक सुई भिंतीपलीकडे नेऊन पाणी ओढतात. गाठ २.८ सेंटीमीटरची असली तरी आत कप्पे असतात आणि म्यूसिन घट्ट असतं, त्यामुळे हाती येणारं पाणी मोजकंच. ते कशाकशासाठी वापरायचं हे आधीच ठरवावं लागतं. पहिला थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून हळूच ताणायचा. एक सेंटीमीटरपर्यंत तार निघून निदान सेकंदभर टिकली, तर म्यूसिन असण्याची शक्यता दांडगी. दुसरा थेंब साखरेसाठी. गाठीच्या पाण्यातली साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गाठ म्यूसिनच्या जातीची असण्याची शक्यता मोठी. सीरस गाठीत साखर रक्ताच्या जवळपास असते. आणि ही साखर घरात असतो त्या ग्लुकोमीटरवरही पाहता येते! बऱ्याचदा मीटर आकडासुद्धा दाखवत नाही, नुसतं 'लो' येतं. आपल्या भागात, जिथे नमुना लॅबला पोचायला दिवस जातो, तिथे ही सोय मला फार मोलाची वाटते.

उरलेलं पाणी सीईए (रक्तात कॅन्सरची खूण म्हणूनही पाहतात ते प्रथिन) आणि अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम) यांसाठी जातं. सीईए १९२ च्या वर असेल तर गाठ म्यूसिनची, असा २००४ मधल्या एका मोठ्या अभ्यासातून आलेला आकडा अजून वापरात आहे. तो शंभर टक्के खरा ठरत नाही, साधारण पाचात चार वेळा बरोबर येतो. आणि दरवेळी समजावून सांगावं लागतं ते असं: पाण्यातला सीईए पाच हजार आला म्हणून कॅन्सर झाला असं अजिबात नाही. तो फक्त जात सांगतो, किती बिघडलंय ते सांगत नाही. रिपोर्टवरचा तो आकडा रक्तातल्या सीईएशी ताडून पाहून रात्रभर जागणारी घरं मी पाहिली आहेत. अमायलेज २५० च्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद होते. पेशींच्या तपासणीत कॅन्सर सापडला तर तो मानायचा. पण पाण्यात पेशीच फार थोड्या असतात, त्यामुळे 'निगेटिव्ह' आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. याच पाण्यावर जनुकांच्या तपासण्या होतात. केआरएएस आणि जीएनएएस या जनुकांतले बदल आयपीएमएनकडे बोट दाखवतात, टीपी५३ किंवा एसएमएडी४ मधले बदल पुढच्या टप्प्याची शंका देतात. खर्चिक आहे, बाकी सगळं अधांतरी राहिलं तरच करा. सुईतून चिमुकला चिमटा घालून भिंतीचा तुकडाही घेता येतो. माहिती जास्त मिळते, पण नंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही वाढतो. मी तो हात राखूनच वापरते.

सुईने पसरतं का? ही भीती निराधार नाही. जपानमधले डॉक्टर याच कारणाने वर्षानुवर्षं अशा गाठींत सुई घालायला नाखूश होते. पण ऑपरेशनआधी सुई टोचलेले आणि न टोचलेले रुग्ण यांची तुलना झाली तेव्हा टोचलेल्यांच्या पोटात रोग जास्त पसरल्याचं दिसलं नाही. शिवाय आईंची गाठ डोक्यात आहे. तिथे सुई ड्युओडेनममधून जाते, आणि व्हिपल झालंच तर आतड्याचा तोच भाग काढला जातो, म्हणजे सुईची वाटही त्याबरोबर जाते. खरे धोके दुसरे: शंभरात एक-दोघांना स्वादुपिंडाची सूज, त्याहून क्वचित जंतुसंसर्ग किंवा गाठीत रक्तस्राव.

आता कापण्याची हद्द. हा भाग लोक विचारत नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. फांदीतली गाठ असेल तर ती जिथे आहे तो भाग काढायचा. डोक्यात असेल तर व्हिपल: स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि पित्ताशय काढून स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडायचे. शेपटीत असेल तर ऑपरेशन त्यामानाने सोपं, मात्र कधी प्लीहाही काढावी लागते आणि मग लसी घ्याव्या लागतात. अडचण येते ती मुख्य नळीच्या प्रकारात. नळी सगळीच फुगलेली असते, पण रोग सगळीकडे असतोच असं नाही. डोक्यात बसलेल्या रोगाच्या म्यूसिनने मागची नळी नुसती तुंबून फुगू शकते, तर कधी रोगाचे ठिपके मध्ये निरोगी जागा सोडून पुढे पुन्हा उगवतात. फक्त फुगलेल्या रुंदीवरून कापायला गेलात तर निरोगी स्वादुपिंड फुकट जाईल किंवा रोग आत राहील. इथे नळीत जाणारी अतिबारीक दुर्बीण, पॅन्क्रिएटोस्कोप, कामी येते. तिच्यात आयपीएमएनचे कोंब माशाच्या अंड्यांसारखे दिसतात. वैद्यकातही तसंच म्हणतात, आणि गाबोळी ओळखणाऱ्या आपल्या लोकांना ते वेगळं समजवावं लागत नाही. तिथूनच तुकडा घेता येतो आणि सर्जनला सांगता येतं की रोग इथपर्यंत आहे. ऑपरेशनच्या टेबलावर कापलेल्या कडेचा तुकडा लगेच गोठवून तपासतात, ती फ्रोझन सेक्शन. तिथे हाय-ग्रेड बदल निघाले तर आणखी कापतात.

एवढा आटापिटा कशासाठी, तर पूर्ण स्वादुपिंड काढायची वेळ शक्यतो येऊ नये म्हणून. पूर्ण काढलं की इन्सुलिन जन्मभर. आणि तो मधुमेह नेहमीसारखा नसतो: साखर वाढवणारं ग्लुकागॉनही स्वादुपिंडातूनच येतं, ते गेलं की साखर अचानक खाली कोसळते. पावसात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या वाडीत, फ्रिजविना इन्सुलिन सांभाळत, एकटी राहणारी साठीपुढची बाई रात्री दोन वाजता साखर पडल्यावर काय करेल? हा प्रश्न सर्जनसमोर मोठ्याने विचारा. तो वैद्यकीय प्रश्नच आहे.

व्हिपलचंही खरं चित्र डोळ्यांसमोर असू द्या. जिथे अशी ऑपरेशनं नित्य होतात अशा केंद्रांत मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असतं, पण जोड गळणं, जठर वेळेवर रिकामं न होणं अशा कटकटी तीनात एकाला तरी होतात. घरी येईपर्यंत दोन-तीन आठवडे धरून चला, आणि जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल पुढे बराच काळ लागू शकतात. हे ऑपरेशन कुठे करायचं याला म्हणूनच फार महत्त्व आहे. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीला, कोल्हापूर-बेळगावला किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात. जवळ-लांब बघू नका. विचारा की तुमच्याकडे वर्षात किती व्हिपल होतात, आणि ईयूएस करणारा, सर्जन, रेडिओलॉजिस्ट हे एकत्र बसून केस बघतात का. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी असं बसणं नेहमीचंच आहे. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं हे त्या त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

ईयूएसमध्ये सॉलिड भाग खोटा निघाला, नळी ६ वरच राहिली, पाण्यात काही वाईट नाही, तर मी काय सांगेन? ऑपरेशन नको, पण पाठपुरावा कडक हवा. नळी ५ च्या वर असल्यामुळे सुरुवातीला दर सहा महिन्यांनी, एकदा एमआरआय-एमआरसीपी (एमआरसीपी म्हणजे नळ्या दाखवणारा एमआरआय), एकदा ईयूएस, अशी पाळी. सोबत एचबीए१सी आणि सीए १९-९. वर्ष-दोन वर्षं काही हललं नाही तर अंतर वाढवता येईल. गावाकडच्या रुग्णांना मी तारखा देत नाही, गणपती आणि शिमगा सांगते. मुलं मुंबईहून येतात, सोबत कोणीतरी असतं, आणि दोन्हींमध्ये साधारण सहा महिनेच पडतात. तारखेचा कागद हरवतो, शिमगा हरवत नाही. ऑपरेशन झालं तरीही हा पाठपुरावा सुटत नाही, कारण उरलेल्या स्वादुपिंडात पुन्हा गाठ होऊ शकते. 'काढून मोकळे होऊ' हे म्हणूनच तितकंसं खरं नाही.

तपासणीची तयारी फार नाही. सिटीची फिल्म आणि रिपोर्ट पुरत नाहीत, सीडी मागून घ्या. कोल्हापुरात केला असेल तर तिथेच मिळेल. एमआरसीपी झालेली नसेल तर ईयूएसच्या आधी करून घ्या, नळीचा नकाशा हाती असला की दुर्बिणीचा वेळ वाचतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा, स्वतःच्या मनाने नाही. त्या दिवशी उपाशीपोटी यायचं, मधुमेहाची सकाळची गोळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. झोपेचं इंजेक्शन देऊन तपासणी होते. साधारण पाऊण तास ते तास. सुई टोचली असेल तर त्याच दिवशी कुडाळची गाडी पकडू नका, एक रात्र शहरात राहा. पोटात वाढत जाणारी कळ, पाठीकडे जाणारं दुखणं, उलट्या किंवा ताप आला तर परत त्याच हॉस्पिटलला जायचं.

आणि तपासणीची तारीख येण्याआधी आईंचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद, शौचाचा रंग फिका झाला, अंगाला खाज सुटली, तर थांबू नका. गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारा कोणीतरी भेटतोच, आणि त्यात तीन आठवडे सहज जातात. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ असलेल्या माणसाची कावीळ ही त्या औषधाची कावीळ नाही. त्या दिवशी बिलिरुबिन आणि लिव्हरच्या तपासण्या करून थेट सर्जनला फोन करा. मग ईयूएसची वाट पाहायची की नाही ते तेच सांगतील.